शेवटच्या बाकाचा मान

आमच्या बालाघाटच्या लहानशा चर्चमध्ये शेवटचा बाक एस्तेरबाईंचा होता. त्यावर पाटी नव्हती, पण एखादा नवखा बसलाच तर बाई त्याच्या डोक्याशी उभ्या राहून म्हणत, "भाऊ, सरका. हा गरिबाचा बाक हाय." गरीब कसल्या? सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाई. तिथले डॉक्टरसुद्धा त्यांना वचकून असत.

मी तिथला पाळक. येशूने सांगितलेला मेजवानीचा दाखला बाईंनी फारच मनावर घेतला होता. बोलावणं आलं तर मानाच्या जागी बसू नका, शेवटी बसा. पुढे बसणाऱ्यांची त्यांना कीव यायची, आणि ती चेहऱ्यावर दिसायची.

मग त्यांचे कान गेले. मुलाने आणलेलं कानाचं यंत्र डबीतच पडून राहिलं. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "बाई, पुढे या. त्याच दाखल्यात यजमान म्हणतो ना, मित्रा, वर येऊन बस."

"हौ. पण तिथं यजमान बोलावते," बाई म्हणाल्या. "तुम्ही तं पास्टर हाय."

मी नाद सोडला. दर रविवारी मी घसा कोरडा करायचो आणि बाई मागे हात जोडून, एक अक्षर न ऐकता, नम्रपणे बसायच्या.

एका रविवारी, पुढच्या बाकावर बसणाऱ्या दानियलदादांची बहीण सारा वारल्याचं मी सांगितलं. तिरोडीला तिला माती देऊन दादा आदल्या रात्रीच परतले होते. सारा बाईंची लहानपणची मैत्रीण. सगळे प्रार्थनेला उभे राहिले, बघून बाईही उभ्या राहिल्या. बाहेर पडताना त्यांनी हसत दादांना विचारलं, "काहून दादा, सारा कसी हाय? लई दिवस झाले, आली नाही." दादा भिंत धरून उभे राहिले. मग कुणीतरी बाईंच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांचा चेहरा माझ्याने बघवला नाही.

पुढच्या रविवारी पहिलं गीत चालू असताना बाई दुखरे गुडघे ओढत थेट पुढे आल्या. पेटी थांबली. दादांच्या बाकाशी उभ्या राहून त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दादा, मले आयकू येत नाही. कोणाजवळ कबूल केलं नाही मी. मागं बसून वाटे, माह्यासारखं नम्र कोणीच नाही. माफ करा, अन् मले इथं बसू द्या."

दादा सरकले. त्यानंतर बाई जेमतेम एक हिवाळा जगल्या.

बाई पुढे येऊन बसल्या त्या रविवारी माझा उपदेश रटाळच झाला. हल्ली होतोच. सगळे गेल्यावर बाईंनी मला खुणेने बोलावलं.

"पास्टर, तुम्ही लई थकले दिसता. मागून समजे नाही."

इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. पाळकाने थकलो म्हणायचं नसतं, एवढा तोरा माझाही होता.

"हौ," मी म्हणालो.

"मंग बसा."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मला रडू आलं.