दुनळीची डावी नळी

बाबा गेले तेव्हा त्यांच्या नावावर एक घर, एक स्कूटर आणि एक दुनळी बंदूक होती. घराची आणि स्कूटरची कागदपत्रं महिन्याभरात झाली. बंदुकीला सात महिने लागले.

बाबा मूळचे नागपूरचे. सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा फायलींबरोबर तेही हलले. इथे त्यांनी एका निवृत्त साहेबाकडून ही बंदूक घेतली. विलायती, बारा बोअरची, चापाच्या वरच्या पोलादावर तित्तिरांची बारीक नक्षी. त्या काळी परवाना काढून शिकारीला जाता येई. ऑफिसातले चौघे मिळून रविवारी जीप घेऊन निघत. पुढे बाबांचं जाणं बंद झालं आणि बंदूक लोखंडी कपाटात आईच्या साड्यांमागे उभी राहिली. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ घातली जाई. निवडणूक जाहीर झाली की बाबा तिला जुन्या चादरीत गुंडाळून स्कूटरवरून ठाण्यात जमा करायला नेत, निकाल लागला की परत आणत. परवान्याचं नूतनीकरण त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

परवानेदार गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, पोलिसांना देऊन मोकळी हो. ते जुनं धूड कोण घेणार?"

"घेणारे असतात का ते बघते तरी," मी म्हटलं.

मी एकतीस वर्षं कारखान्यात तपासणी विभागात काढली. यंत्राचे सुटे भाग मोजायचे आणि पास किंवा नापास लिहायचं, हेच काम. त्यामुळे कुठलीही वस्तू न बघता मोडीत काढणं माझ्या स्वभावात नाही.

जुन्या शहरात बंदुकांचं एक दुकान आहे. दुकानदार सत्तरीचे, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं अस्सल भोपाळी. त्यांनी बंदूक मोडून, म्हणजे मधल्या बिजागरीवर उघडून, पुन्हा मिटली. आवाज ऐकूनच म्हणाले, "बुड्ढी है बहनजी, मगर खानदानी है." पावती केली आणि मला मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीला टेकून तीस-चाळीस बंदुका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. बहुतेक मालक वारलेले. मुलं बंगळूरला नाहीतर परदेशात. कुणालाच परवान्याच्या भानगडीत पडायचं नव्हतं.

"मग घेतं कोण?" मी हिंदीत विचारलं.

ते हसले. नवी बंदूक परवडत नाही असे शेतकरी घेतात, म्हणाले, आवाज करून रानडुकरं पळवायला. एखादा शौकीन नक्षीसाठी घेतो. पण दहातल्या सात गार्ड नेतात. भिंड-मुरैना जिल्ह्यांकडची माणसं. बँकेच्या दारात, रोकड नेणाऱ्या गाडीत नोकरी हवी तर बंदूक स्वतःची लागते. बंदूक असेल तर गनमॅन, नसेल तर नुसता चौकीदार.

"आणि ज्या कुणीच नेत नाही त्या?"

"त्या पोलिसांकडे जातात. तिथे कापतात."

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. गिऱ्हाईक आलं होतं. मी गेले तर पन्नाशीचा एक माणूस स्टुलावर ताठ बसला होता. इस्त्रीची निळी वर्दी, मिशा नीट कातरलेल्या. शाहपुऱ्यातल्या एका बँकेच्या दारात उभा असतो, असं त्याने सांगितलं. इतकी वर्षं तो आणि त्याचा थोरला भाऊ मिळून घरचीच एक बंदूक वापरत. आता वाटण्या झाल्या, बंदूक भावाकडे गेली. परवाना हातात होता, बंदूक नव्हती, आणि गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीने महिनाअखेरची मुदत दिली होती.

त्याने बाबांची बंदूक उचलली. खांद्याला लावली नाही, खांद्यावर अडकवली. समोरच्या आरशात स्वतःकडे पाहिलं. त्याला ती आवडली हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

"एक मिनिट द्या," मी म्हटलं.

मी बंदूक मोडली, रिकामी असल्याची खात्री केली आणि नळ्या दाराच्या उजेडाकडे धरल्या. उजवीत गंजाचे चार ठिपके होते, ते चालण्यासारखे. डाव्या नळीत मात्र टोकापासून वीतभर आत एक काळसर कडं दिसलं. निर्मळ नळीत उजेड सरळ वाहतो. जिथे तो अडून कडं धरतो तिथे धातू फुगलेला असतो, आणि बार काढला तर नळी तिथेच फाटू शकते. मी बाहेरून अंगठा फिरवला. फुगवटा केसाएवढा होता, पण होता. पर्समध्ये माझं बोअर गेज, नळीचा आतला व्यास मोजायचं उपकरण, होतं. निवृत्तीनंतरही मी ते जवळ ठेवते, यावरून माझ्या मुली थट्टा करतात. मोजलं. शंकेला जागाच उरली नाही.

"ही मी विकणार नाही," मी सांगितलं.

दुकानदार चपापले. "बहनजी, इतनी पुरानी में थोड़ा-बहुत तो चलता है."

"थोडं कुठे आहे आणि किती आहे ते मोजल्याशिवाय चलता है म्हणू नये."

गार्ड माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही त्याने. "मैडमजी, चलानी किसे है? कंधे पे रखनी है. बीस साल में एक बार नहीं चलाई."

"और जिस दिन चलानी पड़ी?"

मी त्याचा अंगठा धरून नळीवर ठेवला आणि सावकाश पुढे सरकवला. फुगवट्यावर येताच तो थांबला. पुन्हा मागे नेला, पुन्हा थांबला. ती जागा त्याच्या डाव्या हाताच्या पकडीपासून फार लांब नव्हती. त्याने बंदूक काचेवर ठेवली आणि हात वर्दीला पुसले.

"मग माझ्या नोकरीचं काय?" हा प्रश्न त्याने मला नव्हे, दुकानदाराला विचारला. पण उत्तर देणं मलाच भाग होतं. त्याच्या हातातली बंदूक मी काढून घेतली होती.

"मागच्या खोलीतल्या दाखवा," मी दुकानदारांना म्हटलं. "ज्यांचे कागद पूर्ण आहेत त्या सगळ्या."

तशा सहा निघाल्या. मी ओढणी कमरेला खोचली आणि कारखान्यात बसायचे तशी बसले. एकीची बिजागरी खिळखिळी, दोघींच्या नळ्या आतून खरवडलेल्या, एकीच्या दस्त्याला लांब चीर. गार्ड शेजारी उभा राहून प्रत्येक नळीतून बघायला शिकला. चौथीला मी सांगायच्या आधी त्यानेच मान हलवली. दुकानदार आधी कुरकुरले, मग चहा मागवला, मग स्वतःच चिंधी घेऊन नळ्या पुसून देऊ लागले. पाचवी देशी बनावटीची होती, नक्षी नाही, पॉलिश उडालेलं, दिसायला अगदी ओबडधोबड. पण दोन्ही नळ्यांत उजेड पाण्यासारखा वाहत होता.

"ही घ्या."

गार्डने एकदा बाबांच्या बंदुकीवरच्या तित्तिरांकडे पाहिलं. मग ही उचलली. या वेळी आरशात पाहिलं नाही. मोडली, उजेडाकडे धरली, स्वतः खात्री केली. "ले जाओ, पास हो गई," दुकानदार म्हणाले. परवानगीचे कागद मुदतीच्या दोन दिवस आधी झाले.

मी नेहरू नगरला आईकडे गेले. आई चौऱ्याऐंशीची आहे, कान तिखट. मी नळीचं सांगितलं तशी ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"शेवटच्या शिकारीला नाला ओलांडताना बंदूक चिखलात पडली. पुसली, पण आत राहिला असेल थोडा. बार काढला तेव्हा हाताला असा हिसका बसला की घरी आले ते पांढरे पडून. दोन दिवस बोटं मिटत नव्हती. पुन्हा कधी गेले नाहीत. नंतर शिकारबंदी आली, तेव्हापासून सगळ्यांना बंदीचंच कारण सांगायचे."

"मग इतकी वर्षं परवाना कशाला सांभाळला?"

मला वेड लागल्यासारखं आईने माझ्याकडे पाहिलं. "अगं, अख्ख्या ऑफिसात बंदूकवाले कारकून ते एकटेच. साहेबसुद्धा चौकशी करायचे. एवढं सोडतं का कुणी?"

मला हसू आलं. कधी न झाडायची बंदूक मिरवणारा तो गार्ड एकटा नव्हता. बाबांनी निदान ती कुणाला विकली नाही, माझ्या भावाच्या हातात दिली नाही, आम्हाला हात लावू दिला नाही. त्या वेळी तो धाक वाटायचा.

दुकानदारांनी आणखी एक विचारणा आणली. एका हॉटेलवाल्याला ती निकामी करून भिंतीवर लावायची होती. आई म्हणाली, "शोभेची झाली तेवढी पुरे." तिने बंदूक पोलिसांना द्यायच्या अर्जावर सही केली. भाऊ पुण्याहून आला, आणि आम्ही दोघांनी बंदूक पोलिसांकडे दिली. कापताना थांबायची गरज नव्हती, पण मी थांबले. नळी कापली जाताना फार आवाज झाला नाही. भावाने माझा दंड धरला होता. परत येताना बिट्टन मार्केटला उतरून आईसाठी मेथी घेतली.

शाहपुऱ्याच्या बँकेत मी कधीतरी जाते. ड्युटीवर तो बोलत नाही. पण मी पायऱ्या चढायला लागले की दार उघडतो आणि नळीवर दोन बोटं हलकी टेकवतो.

दुकानदारांचा फोन अजून येतो. "बहनजी, एक नज़र डाल दीजिए." मी शनिवारी जाते. गेल्या महिन्यात तीन बघितल्या आणि दोन नापास केल्या. एकीच्या मालकाचा मुलगा, चांगला शिकलेला, माझ्याशी अर्धा तास वाद घालत होता. मी त्याला नळी उजेडाकडे धरायला लावली. तो अजून माझ्यावर चिडलेला आहे. बंदूक मात्र विकली गेलेली नाही.