ठिगळातून दिसलेली तापी

आकडा पुन्हा गेला.

बोट उभी होती तोवर पडद्यावर पाण्याची खोली नीट चौदा फूट दिसत होती. सुपडूने रेस वाढवली, बोटीचं नाक वर आलं, आणि चौदाच्या जागी दोन आडव्या रेघा. मग एकदम तीन. मग एकतीस. मग परत रेघा.

"मावशी, हाई यंत्र येडं शे," सुपडू म्हणाला.

"यंत्र वेडं नाही. रेस कमी कर."

रेस कमी केली की चौदा परत हजर. म्हणजे मशीन चांगलं होतं. वायर चांगली होती. चूक बसवण्यात होती, आणि बसवलं मी होतं.

मी फायबरचं काम करते. चौथीपर्यंत शिकले. नंदुरबारला एका शेडमध्ये कूलरच्या टाक्या बनवायला लागले, तिथेच रेझिन आणि काचेची मॅट हाताखाली आली. मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई. तिच्यावर रेझिन ओतलं की दगडासारखी कडक होते. फायबरच्या बोटी अशाच बनतात आणि फुटल्या की अशाच जोडतात. तापीवर बॅरेज झालं, पाणी साठलं, बोटी आल्या, तेव्हापासून मी बोटी जोडते.

ही बोट तळोद्याच्या शेठची. त्यांचं मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. अठरा फुटी बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, या काठाची माणसं त्या काठाला. ड्रायव्हर सुपडू भोई. मागच्या उन्हाळ्यात भर वेगात बोट दगडावर गेली आणि तळ फुटला. माणसं कंबरभर पाण्यातून चालत बाहेर आली. कोणाला काही झालं नाही. शेठ म्हणाले, सुपडू फोनवर बोलत होता, लाइन सोडून गेला. सुपडू म्हणाला, लाइनवरच होतो, पुराने रेती-दगड आणून टाकले, तिथे आधी दगड नव्हता. दोघंही मागे हटेनात.

शेवटी शेठनी फिश फाइंडर मागवला. मासे धरणारे लोक वापरतात ते यंत्र. त्याचा एक काडेपेटीएवढा तुकडा पाण्याला लागून बसवायचा. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो खाली आवाज सोडतो. आपल्याला ऐकू येत नाही असा. आवाज तळाला आपटून परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली सांगतं. मध्ये मासा आला तर मासाही दाखवतं. शेठ जैन. दुकानात त्या खोक्याला कोणी फिश फाइंडर म्हटलं तर त्यांना चालत नसे. "खोलीमीटर बोला," म्हणायचे.

यंत्र माझ्या हातात देताना शेठ म्हणाले, "शनिवारी मी स्वतः बसेन. फुल स्पीडला हे चाललं आणि त्याने बोट सुखरूप नेली, तर सुपडू राहील. नाही तर दुसरा ड्रायव्हर बघून ठेवलाय."

"हळू चालवली तर यंत्र नसलं तरी चालेल," मी म्हटलं.

"हळू चालवली तर पलीकडची बस चुकते. मग लोक पुलावरून जीपनेच जातील. बोट कशाला?"

ते खरं होतं. आणि मी यंत्र घेऊन आले तो वार गुरुवार होता.

मी ट्रान्सड्यूसर मागच्या फळीला स्क्रूने लावला होता. यंत्रासोबतच्या कागदावर तसंच चित्र होतं. वेगात आकडा जातो याचं एकच कारण, हवा. पाण्यात बुडबुडे असले की हा आवाज त्यातून जात नाही. पण एवढे बुडबुडे येतात कुठून?

मी घरून हळद आणली. तेलात कालवली आणि बोट काठावर कलती करून पांढऱ्या तळाला मागच्या बाजूने फासली.

सुपडू बघत होता. "मावशी, बोटले हायद लावी ऱ्हायनी का? लगीन कोनासंगे शे?"

"तुझ्याशी. शनिवारनंतर तुला दुसरं काम राहणार नाही."

तो हसला, पण थोडंच.

बोट पाण्यात ढकलली, वेगात एक फेरी मारली आणि परत कलती केली. तळावर सगळं लिहून आल्यासारखं दिसत होतं. जिथे पाणी चिकटून गेलं तिथे हळद सरळ रेघांनी धुतली होती. पण तळाच्या दोन उभ्या पट्ट्यांमागे हळद लोळल्यासारखी माखली होती, जागोजागी तशीच राहिली होती. बुडबुडे तिथूनच निघत होते आणि थेट माझ्या ट्रान्सड्यूसरवर जात होते.

त्या पट्ट्या कोणी लावल्या होत्या? मीच. इथे बोटी रेतीवरून ओढतात, तळ घासतो, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी पट्ट्या चिकटवल्या आणि फळीच्या वीतभर अलीकडपर्यंत नेल्या. शेवट सपाट कापला. तेव्हा फार हुशारीचं काम वाटलं होतं.

सुपडू म्हणाला, "पट्ट्या काढी टाक."

"काढल्या तर महिन्यात तळाला भोक पडेल. फळीवर मधोमध इंजिन, सरकवायला जागा नाही. यंत्र आत बसवू."

आत म्हणजे बोटीच्या पोटात, तळाला चिकटवून. आवाज फायबरमधून जातो, पण फायबर ठोस असेल तरच. या बोटीच्या तळात दोन थरांमध्ये फोम आहे, बोट बुडू नये म्हणून. फोम म्हणजे नुसती हवाच. तिथून आवाज जाणार नाही.

मग मला उडीच मारावीशी वाटली. या वयात मारत नाही. सगळ्या तळात फक्त एक जागा ठोस होती. मागच्या उन्हाळ्यात दगड लागला ती. फुटलेला फोम मी खरवडून काढला होता आणि तिथे नुसती मॅटवर मॅट देऊन भरलं होतं. आणि ती जागा होतीही बरोबर. वेगात बोटीचं नाक वर असतं, म्हणून दगड मागे, इंजिनाजवळ, दोन पट्ट्यांच्या मधोमध लागला होता. तेवढा भाग कधीच पाण्याबाहेर येत नाही. हळद तिथे सरळ धुतली होती.

"तू फोडलीस तिथेच बसवायचं," मी सुपडूला म्हटलं.

"मी नही फोडी. दगडनी फोडी."

चिकटवण्याआधी तपासलं. पातळ पिशवीत पाणी भरलं, ट्रान्सड्यूसर त्यात बुडवला, पिशवी ठिगळावर दाबून धरली. बोट पाण्यात, पडद्यावर चौदा. पिशवी वीतभर बाजूला सरकवली, फोमवर. रेघा. परत ठिगळावर. चौदा. मी पिशवी दाबून धरली आणि सुपडूला रेस द्यायला सांगितली. नाक वर आलं, वारा तोंडावर, पिशवीतलं पाणी माझ्या लुगड्यावर, आणि आकडा चौदा, चौदा, तेरा, बारा. सुटत नव्हता. सुपडू मागे वळून पडद्याकडे बघायला लागला. मी ओरडले, "पुढे बघ, नाही तर दुसरं ठिगळ लावावं लागेल."

शुक्रवारी पहाटेच चिकटवलं. आमच्याकडच्या उन्हात रेझिन डब्यातच तापतं आणि त्यात फुगे राहतात. फुगा म्हणजे परत हवा. मी उशिरा सुकणारं इपॉक्सी घेतलं, काडीने हळूहळू ढवळलं, फुगे वर येईपर्यंत थांबले. ठिगळ घासून खरखरीत केलं, पीव्हीसी पाइपचं कापलेलं कडं चिकटवून आळं केलं, त्यात इपॉक्सी ओतलं आणि ट्रान्सड्यूसर किंचित फिरवत दाबला. दिवसभर कोणाला बोटीजवळ येऊ दिलं नाही.

शनिवारी शेठ बसले. मला म्हणाले, "बाई, तुम्हीपण चला." मी बसणारच होते.

"सरळ घे," शेठ सुपडूला म्हणाले. "मागच्या वेळी होती तीच लाइन. तिथे पंधरा फूट पाणी आहे. दहा वर्षं बघतोय मी."

सुपडूने फुल रेस दिली. चौदा. पंधरा. चौदा. मध्ये यंत्र टुकटुक वाजलं आणि पडद्यावर माशांची रांग आली. सुपडूचे डोळे चमकले.

"ते बंद करता येईल?" शेठनी विचारलं.

"करते," मी म्हटलं. केलं नाही, माझं लक्ष आकड्यावर होतं. हे यंत्र पुढचं दाखवत नाही, बुडाखालचंच दाखवतं. तळ चढायला लागला की ओळखायचं. अकरा झाले. नऊ. सात.

सुपडूने रेस सोडली आणि डावीकडे वळवली.

"का वळवली? पाणी आहे तिथे," शेठ म्हणाले.

सुपडूने इंजिन वर उचललं, बोट हळूच तरंगत त्या जागेवर नेली आणि बांबू शेठच्या हातात दिला. शेठनी बांबू खाली सोडला. हातभर गेला आणि टक्क वाजला. त्यांनी थोडं पुढे टोचून पाहिलं. टक्क. चारही बाजूंना तेच. पलीकडे टोचलं तर तेवढ्यावरच रेती.

"इतलुसं पानी शे, शेठ," सुपडू म्हणाला. "फोन मन्हा खिशामां व्हता."

शेठनी बांबू परत दिला. मग म्हणाले, "इथे लाल झेंडा लाव. उद्यापासून डावीकडून ने." म्हणजे सुपडू राहिला. चुकलो वगैरे ते म्हणाले नाहीत, आणि सुपडूनेही वाट बघितली नाही. रेस दिली. पलीकडची बस उभी होती.

त्यानंतर मी तळाच्या पट्ट्या फळीच्या दोन हात आधीच थांबवते आणि टोक निमुळतं करते. आणि बोट जोडली की तिच्या तळात कुठे फोम, कुठे ठोस, हे वहीत काढून ठेवते. चित्रं वाकडी येतात. पण आपण काय भरलं ते आपल्याला शोधत बसावं लागत नाही.