गाईचा घास

लग्नाला पाच महिने झाले होते तेव्हा सासूबाई जनावरं घेऊन छावणीला गेल्या आणि घरातले देव माझ्या अंगावर पडले.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसत होते आणि दारातली कडब्याची गंज संपली होती. कडा गावाजवळ जनावरांची छावणी सुरू झाल्याचं कळलं. त्या साली ऊस गाळपाला पुरण्याइतका पिकलाच नव्हता. जो होता तो छावणीत चारा म्हणून येत होता. आमचे दोन बैल, एक गाय आणि तिची कालवड. त्यांच्यासोबत कुणीतरी राहायला हवं होतं. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. नवरा गावच्या दूध संस्थेत दूध मोजून घ्यायचा, पहाटेच घराबाहेर पडायचा. मला तर गाईच्या अंगावर हात ठेवायचीसुद्धा भीती वाटत होती. तेव्हा सासूबाईच निघाल्या.

मी बीडची. वडील एसटीत कंडक्टर, आई शिवणकाम करायची. आमच्या घरी देव म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्याच्या खिळ्याला खोचलेली उदबत्ती. सणाला शेजारच्या काकूंकडून आरती ऐकू यायची तेवढीच. इथे मात्र भिंतीतल्या कोनाड्यात आख्खं कुटुंब बसलेलं. रांगणारा बाळकृष्ण, खंडोबाचा आणि भवानीचा चांदीचा टाक, गणपती, आणि धान्यानं भरलेल्या वाटीत बसलेली पितळेची अन्नपूर्णा. सासूबाई रोज त्यांना अंघोळ घालून, गंध लावून जेवू घालायच्या. मी पाच महिने ते दारातून पाहिलं होतं, हात लावला नव्हता.

निघायच्या सकाळी टेम्पो दारात उभा होता. बैल वर चढेनात, माणसं ओरडत होती. त्या गडबडीत सासूबाईंनी मला कोनाड्यापुढे बसवलं.

"नीट बघ. एकदाच दाखवीन."

बोट पाण्यात बुडवून त्यांनी जमिनीवर चौकोन काढला. त्यावर लहान ताटली ठेवली. ताटलीत अर्धी भाकरी, पिठलं, गुळाचा खडा, भाकरीवर तुपाचं बोट. वर तुळशीचं पान. मग उजव्या हातात पाणी घेऊन ताटलीभोवती फिरवलं आणि देवांकडे पाच वेळा हात नेला, जसं आपण लहान मुलाला भरवतो तसा.

"मंत्र काय म्हणायचा?" मी विचारलं.

"मला कुठं येत्यात मंत्र? घ्या देवा, गोड मानून घ्या, असं म्हण. आन् जेवत्यात तवर तोंडाकडं बघत बसू नको. ताटलीवर फडकं टाक, बाहीर जा."

बाकीच्या गोष्टी त्यांनी टेम्पोकडे चालता चालता सांगितल्या. देवाच्या आधी कुणी खायचं नाही. स्वयंपाकाची चव घेऊन बघायची नाही. देवाच्या अंघोळीचं पाणी तुळशीला घालायचं, मोरीत नाही. आणि निवदातला एक तुकडा गाईला.

"गाय तर तुम्ही नेताय, आत्याबाई."

त्या थांबल्या. बहुतेक हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग म्हणाल्या, "डब्यात ठेवत जा. गुरुवारी घिऊन ये."

दूध संस्थेची गाडी रोज कड्याला जायची. गुरुवारी नवरा सोबत जायचा आणि मला पुढे बसवून न्यायचा. असं ठरलं.

पहिल्या दिवशी मी दोनदा हात धुतले. चौकोन काढला तो वाकडा झाला, पुसला, पुन्हा काढला. "घ्या देवा" म्हणताना मला माझाच आवाज परका वाटला. कुणी ऐकत तर नाही ना म्हणून मी दाराकडे पाहिलं. फडकं टाकून बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि किती वेळ थांबायचं हे विचारायचं राहिलं, हे तेव्हा लक्षात आलं. देवाला जेवायला किती वेळ लागतो? माझ्या वडिलांना ड्यूटीवर जाताना पाच मिनिटं लागायची. मी त्याच हिशेबानं पाच मिनिटं धरली.

चवीचं मात्र अवघड होतं. बीडला मी आमटी ढवळताना दहा वेळा तळहातावर घेऊन चाटायचे. इथे न चाखता मीठ घालायचं. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि कोनाड्याकडे पाहत विचारलं, "देव काही बोलला का गं?"

"नाही."

"सोशिक हाय मग." आणि त्यानं तांब्याभर पाणी संपवलं. मला हसू आलं आणि तांब्याभर पाणी गेलं म्हणून वाईटही वाटलं, कारण टँकर चार दिवसांनी यायचा.

गुरुवारी मी सात तुकडे डब्यात घेऊन छावणीत गेले. उसाच्या पाचटाखाली आणि हिरव्या जाळ्यांखाली जनावरांच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येक रांगेशेजारी कुणाची तरी चूल, कुणाची तरी बाज. सासूबाईंनी गाईच्या खुंट्याजवळ चार पत्रे उभे करून आपली जागा केली होती. त्यांनी डबा उघडला, एकेक तुकडा नाकाशी नेला आणि गाईपुढे धरला. वाळून कडक झालेले तुकडे गाय कुरकुर आवाज करत खात होती. सातही संपल्यावर सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चुकलं न्हाई एक बी दिस."

ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. सासरी आल्यापासून मला पहिल्यांदाच कुणीतरी शाबासकी दिली होती.

पुढे पाणी आणखी आटलं. टँकर चाराचे सहा दिवस घेऊ लागला, कधी आठ. मी देवांची अंघोळ एका फुलपात्रावर आणली. मग तेही जिवावर आलं, म्हणून ओल्या फडक्यानं देव पुसून घेऊ लागले. आणि एके दिवशी अंगणात पाहते तर तुळस खाली वाकलेली. ती जगत होती देवांच्या अंघोळीच्या पाण्यावर. देवांची अंघोळ बंद केली, तशी तिचीही बंद झाली होती. मी तांदूळ धुतलेलं पाणी तिला घालू लागले. ती मेली नाही, पण पानंही धरेना.

त्याच दिवसांत मला सकाळी भूक लागू लागली. साधी भूक नव्हे. डोळे उघडताच तोंडाला पाणी सुटायचं आणि काही खाल्लं नाही तर ओकारी यायची. मला शंका होती, पण मी कुणाला बोलले नव्हते. नवऱ्यालासुद्धा नाही. एका सकाळी चूल पेटवायच्या आधीच मी रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी उभ्यानं खाल्ली. खाऊन झाल्यावर कोनाड्याकडे लक्ष गेलं. सगळे देव तिथेच होते आणि मी त्यांच्या आधी जेवले होते.

त्या दिवशी मी निवद दाखवलाच नाही. खाल्लेल्या तोंडानं "घ्या देवा" म्हणायची लाज वाटली. उद्या नीट करू म्हटलं. उद्या पुन्हा तीच भूक. तिसऱ्या दिवशी तर मी लाजलेही नाही. एकदा सुटलं की न करणं किती सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं. कोनाड्यापुढून जाताना मी नुसती मान खाली घालायचे, जसं कुणाचा निरोप द्यायला विसरल्यावर आपण त्याच्या घरापुढून जातो.

गुरुवार आला. डबा रिकामा होता. आणि मी जे केलं ते आजही सांगताना जड जातं. मी सकाळच्या भाकरीचे सात तुकडे मोडले, उन्हात कडक व्हायला ठेवले आणि डब्यात भरले.

छावणीत सासूबाईंनी पहिला तुकडा नाकाशी नेला. मग दुसरा. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"याला तूप न्हाई."

मी गाईकडे पाहिलं.

"सगळे एकाच भाकरीचे हायत. समदे सारखेच वाळलेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किती दिस झाले?"

"सात."

"मंग हे कावून आणलंस?"

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं मी काहीतरी म्हणाले असेन.

"मला वाईट वाटू नये म्हणून? निवद ऱ्हायला तर ऱ्हायला. दुस्काळ हाय, पाणी न्हाई, मी काय आंधळी हाय का? पर खोटं? आन् ते बी ह्या मुक्या जनावराच्या तोंडात?" आजूबाजूच्या बाया वळून पाहू लागल्या. सासूबाईंनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि चाऱ्याची गाडी आली होती तिकडे निघून गेल्या.

मी गाईजवळ बसून राहिले. तिनं डब्याला तोंड लावलं. तिला तुपाचं आणि बिनतुपाचं काही नव्हतं. तिच्या पाठीवर मी पहिल्यांदा हात ठेवला तो त्या दिवशी. बरगड्या हाताला लागत होत्या.

सासूबाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन परतल्या. मोळी टाकली, विळ्यानं तुकडे करू लागल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सकाळी मळमळ होती का?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांचा विळा थांबला.

"खातीस का काही?"

"तेच तर झालं, आत्याबाई. उठल्या उठल्या खाते. देवाच्या आधी. म्हणून निवद दाखवायला मन धजेना."

त्यांनी विळा खाली ठेवला. पदरानं हात पुसून माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता आणखी ऐकावं लागणार. पण त्यांनी सांगितलं ते भलतंच.

"बहात्तर सालच्या दुस्काळात मी नऊ वर्साची व्हते. आई खडी फोडायला जायची. कामावर दुपारच्याला सुकडी मिळायची, गोड भाजल्या पिठाची. आई ती पदरात बांधून आनायची, आमच्यासाठी. आधी मूठभर देवापुढं ठिवायची, मंग आमाला. एक दिस माझी आजी तिला म्हनली, सुकडी कमी कशी? आई म्हनली, वाटंत चक्कर आली, दोन घास खाल्ले. उष्टी झाली."

"मग?"

"मंग काय. आजीनं तीच ठिवली देवापुढं. दुसरी हुती कुठं?"

त्या गाईकडे बघत होत्या. "आई खोटं बोलली असती तर आजीला कळलं बी नसतं. पर बोलली न्हाई."

मग त्यांनी आपल्या चुलीवरची भाकरी आणली, तिच्यावर तेल आणि तिखट घातलं आणि मी पूर्ण खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. "आता तू आधी खायचं," म्हणाल्या. "पोटातल्याला थांब म्हनता येत न्हाई. देवाला येतं. तुळस नसली तर नसू दे. पाणी नसलं तर पुसून घे. पर रोज बस तिथं. आन् बसली न्हाईस तर बसले न्हाई म्हण."

परतताना गाडीत मी नवऱ्याला बातमी सांगितली. तो दुधाचे रिकामे कॅन मोजत होता. त्याची मोजणी दोनदा चुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी चटणी-भाकरी खाल्ली. चूळ भरली. मग ताजी भाकरी केली आणि कोनाड्यापुढे बसले. बोट बुडवून चौकोन काढला. "घ्या देवा," म्हटलं, आणि मग, का कोण जाणे, "मी खाल्लंय," असंही म्हटलं. आवाज परका वाटला नाही. आदल्या सात दिवसांबद्दलही बोलले, जसं माहेरी आईला दिवसभराचं सांगायचे तसं. कुणी ऐकतं की नाही हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही. पण ज्या घरात दुपारपर्यंत बोलायला माणूस नव्हतं, तिथे खरं बोलायची एक जागा झाली. नियम मी सासूबाईंच्या धाकानं शिकले होते. त्या सकाळपासून मी ते माझ्या गरजेनं करू लागले.

गुरुवारी डब्यात पाचच तुकडे होते. "दोन दिस टँकरच्या रांगेत गेले," मी सांगितलं. सासूबाईंनी पाच तुकडे हुंगले, गाईला दिले आणि दुसरंच बोलू लागल्या.

छावणी उठली तेव्हा मला सातवा महिना होता. म्हातारा बैल तेवढा परत आला नाही. तो छावणीतच बसला तो उठला नाही. सासूबाईंनी घरात पाऊल ठेवलं, पाय धुतले आणि थेट कोनाड्यापाशी गेल्या. चिंच लावून घासायला पाणी नव्हतं, त्यामुळे अन्नपूर्णा काळी पडली होती. त्यांनी तिला उचललं, वाटीतल्या दाण्यांत बोट फिरवून कीड आहे का पाहिलं आणि परत बसवलं.

दुसऱ्या दिवसापासून पूजा त्या करू लागल्या. अंघोळ, गंध, फूल, दिवा. ताटलीपाशी येऊन मात्र त्या बाजूला सरकल्या. "हे तू कर," म्हणाल्या. "तुझा हात बसलाय."

मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर मी पुन्हा कोनाड्यापुढे बसायला लागले. ती अंगावर पीत होती तोवर मी सकाळी आधी खायचे आणि सासूबाई काही बोलायच्या नाहीत. मुलगी दीड वर्षाची झाली आणि तिचं अंगावरचं सुटलं. एके सकाळी मी सवयीनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, तर चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंनी हात आडवा केला.

"आता कावून? आता पोटात कुणी हाय का?"

"नाही."

"मंग ठीव ते. आता देव आधी."

मी तुकडा ठेवला. मागून नवरा हसला, तर त्यालाही त्यांनी दोन शब्द सुनावले.