आम्रपालीआत्याचा आवाज

आमच्या बौद्धवाडीत लग्न असलं की हळदीला सगळे आम्रपालीआत्याची वाट बघायचे. अंगणवाडीचं काम आटपून ती लांज्याहून एसटीने यायची आणि थेट मांडवात शिरायची. तिने गाणं धरलं की चुलीपाशी बसलेल्या बायकाही हात पुसत बाहेर यायच्या. माझ्या हळदीला ती गायली तेव्हा बाबांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. पुढे मांडवात डीजे आले, तरी आत्याचं एक गाणं व्हायचंच.

गेल्या वर्षी मे महिन्यात आत्याच्या आवाजातलं एक घाणेरडं गाणं फोनवर फिरलं. तिने ते कधी म्हटलंच नव्हतं. मुंबईत कामाला असलेल्या आमच्याच वाडीतल्या राकेशने तिचं जुनं रेकॉर्डिंग घेऊन एका अ‍ॅपवर ते बनवलं होतं. देवरूखच्या पाहुण्यांपर्यंत ते पोचलं. आत्याने गाणं सोडलं. कुणी बोलावलं की "घसा बसलाय" म्हणायची.

बाबा पोलिसांकडे निघाले, तर तिने अडवलं. "तक्रार करायची तर करू, दादा. पण आधी त्याला माझ्यासमोर बसव."

राकेश आईला, सीताकाकीला, घेऊन विहारात आला. "आत्या, मस्करी केली गं."

"तुझ्या बारशाला पाळणा मी म्हटला होता," आत्या म्हणाली. "आता तोंड उघडलं की मला तेच घाण गाणं ऐकू येतं. बाजारात कुणी हसलं तरी वाटतं, मलाच हसतात. हे तुला ठाऊक होतं?"

राकेशने मान खाली घातली. काकी रडायला लागली.

"सीते, तू रडू नको. त्याला ऐकू दे."

राकेश म्हणाला, "मी काय करू, सांग."

"जिथे जिथे पाठवलंस, तिथे स्वतःच्या तोंडाने सांग."

त्याने तिथेच, चेहरा दिसेल असा व्हिडिओ करून सगळ्या ग्रुपवर टाकला. मग बाबांबरोबर देवरूखला गेला. पाहुण्यांनी चांगलंच सुनावलं. तो उभा राहून ऐकत होता, असं बाबा सांगतात. पोलिसांत तक्रार मग कुणी केली नाही.

यंदा वाडीतल्याच शमिकाच्या हळदीला आत्या गायली. आवाज जरा खाली आला होता. कुणी न सांगता लोकांनी फोन खिशात ठेवले. घरी येताना मी विचारलं, "राकेशला माफ केलंस?"

"अजून नाही," ती म्हणाली. "पण तो समोरून आला की आता मी रस्ता बदलत नाही."