मानकऱ्यांची मान

गल्लीत त्यांना सगळे मानकरी म्हणत. कुठल्या दरबारातला मान त्यांच्या वाट्याला आला होता अशातला भाग नाही. ते गिटारींच्या मोडलेल्या माना जोडून देत, एवढाच काय तो मान. तारा तुटल्या, खुंट्या सैल झाल्या तर कुणीही बघतो; पण मान मोडली की लोक पत्ता विचारत विचारत त्यांच्याच दारात येत. घराच्या पुढच्या खोलीत कारखाना. भिंतीला हुकांवर लटकलेल्या गिटारी, खिडकीशी लाकडी टेबल आणि शेगडीवर कोमट होत असलेल्या सरसाचा वास. "हे पुढच्या खोलीत राहतात, मी मागच्या खोलीत राहते आणि आमचा संसार मधल्या दारात चालतो," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तिला अर्थातच मानकरीण म्हणत.

हात असा, की जोड कुठे आहे ते भिंग लावूनही सापडू नये. खोड एकच. या माणसाला 'नाही' म्हणता येत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, उद्याच पाहिजे, की मान वरून खाली हलायची. मान फक्त उभी हलते, आडवी हलवायचं देवानं शिकवलंच नाही, असं मानकरणीचं निदान होतं. त्यामुळे टेबलाखाली कुणाच्या छत्रीची मूठ, कुणाच्या खुर्चीचा पाय, कुणाच्या आजोबांची काठी असा पसारा साठलेला असे.

मध्यंतरी त्यांचीच मान धरली. डॉक्टरांनी आठवडाभर पट्टा लावायला सांगितला. आठवडा केव्हाच उलटला, पट्टा मात्र राहिला. कारण पट्टा लावल्यावर हो की नाही ते कुणाला कळेना. लोक दोन मिनिटं वाट बघत आणि "असू दे, आधी तुमची मान बरी होऊ दे" म्हणून निघून जात. जन्मात जो नकार मानकऱ्यांना जमला नव्हता तो पट्टा त्यांच्या वतीनं, फुकटात, देऊ लागला होता. असला नोकर कोण सोडतो?

अशा दिवसांत एक नर्सबाई चादरीत गुंडाळलेली गिटार दोन्ही हातांवर घेऊन आल्या. ती टेबलावर ठेवून त्यांनी आधी मानकऱ्यांकडेच रोखून पाहिलं.

"काका, पट्टा उलटा लावलाय."

मानकरी कमरेपासून वळले आणि विषय बदलावा म्हणून चादर उघडली. काळी, चकचकीत इलेक्ट्रिक गिटार. डोक्याच्या खालीच मान मोडलेली आणि मोडलेल्या जागी, मुरगळलेल्या घोट्याला बांधतात तसं, अगदी शास्त्रशुद्ध बँडेज.

हकीकत अशी. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, पण जीव सगळा या गिटारीत. सध्या तो बहिणीचं बिऱ्हाड हलवायला गेला होता. बाई केर काढत होत्या. केरसुणी निसटती लागली, भिंतीशी उभी असलेली गिटार घसरून सतरंजीवर आली आणि टक्क आवाज झाला. एवढ्याशा धक्क्यानं मान कशी जाते हे त्यांनाही समजेना. पण खरी भीती निराळीच होती.

"लग्न झाल्यापासून मी म्हणतेय, ही माझी सवत आहे, एक दिवस हिची मान मुरगळीन. आता चुकून झालं म्हटलं तर तो विश्वास ठेवील का? मी तरी ठेवला असता का?" त्या टेबलावर पुढे वाकल्या. "काका, रविवारी येतोय तो. त्याला कळता कामा नये."

रविवारपर्यंत रंग नीट वाळत नाही, हे मानकऱ्यांच्या ओठांवर आलं होतं. पण समोरचा चेहरा पाहून, पट्ट्याला न जुमानता, मान उभी हलली.

बाई गेल्यावर त्यांनी बँडेज सोडलं, दिवा जवळ ओढला आणि हसू लागले. चिरेतलं अर्धं लाकूड ताजं, पांढुरकं होतं. उरलेल्या अर्ध्यावर काचेसारखा कडक थर होता. बोटंसुद्धा क्षणात चिकटवणारा जो गोंद ट्यूबमध्ये मिळतो, तो. वरून चीर झाकायला काहीतरी काळं फासलेलं होतं. मानकऱ्यांनी वास घेतला. बुटाचं पॉलिश. म्हणजे सवतीची मान आधीच कुणीतरी मोडली होती, आणि ते कुणीतरी बहिणीचं बिऱ्हाड हलवत होतं. केरसुणीच्या अंगावर फुकटचा आळ आला होता.

तो गोंद खरवडून काढण्यात सबंध सकाळ गेली. घाईत चिकटवलेलं लाकूड आणि घाईत मारलेली थाप, दोन्ही निस्तरायला सारखाच त्रास. मग चिरेत सरस भरून मान क्लॅम्पमध्ये आवळून ठेवली. जोड पक्का व्हावा म्हणून मागून कठीण लाकडाच्या दोन बारीक पट्ट्या आत बसवल्या, घासून सपाट केल्या आणि वर रंगाचे पातळ हात दिले.

"सांगून टाका ना त्या बिचारीला," जेवताना मानकरीण म्हणाली.

"माझं काम माना जोडायचं. कुणाची मान खाली घालायला लावायचं नाही."

"मग तिची खाली गेलीय, ती कोण वर करणार?"

मानकऱ्यांनी आमटी मागितली.

रविवारी सकाळी बाई रात्रपाळी संपवून परस्पर गिटार न्यायला आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ, हातात प्रवासाची पिशवी तशीच, त्यांचा नवराही. भल्या पहाटे घरी पोचला, कोपऱ्यात गिटार दिसली नाही, आणि काय झालं असेल याचा अंदाज त्याच्याइतका कुणाला असणार? शहरात मानकरी एकच. बायको इथे दिसताच तो दारातच थबकला.

"माझ्या हातून मोडली," बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मुद्दाम नाही रे. शपथ."

नवऱ्यानं एकदा गिटारीकडे पाहिलं, एकदा मानकऱ्यांकडे. मानकरी पुतळ्यासारखे बसून होते. त्याला धीर आला. मग त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "जाऊ दे. माणसाच्या हातून चूक होतेच."

हा मोठेपणा मात्र मानकऱ्यांना गिळवेना. तेवढ्यात बाईंनीच डोळे पुसत विचारलं, "काका, खरं सांगा, एवढ्या धक्क्यानं मोडते का हो गिटार?"

मानकऱ्यांनी गळ्याचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मान डावीकडून उजवीकडे गेली. कट्ट असा आवाज झाला. पुन्हा उजवीकडून डावीकडे आली. मग त्यांनी कपाटातली बुटाच्या पॉलिशची डबी काढून नवऱ्यासमोर ठेवली.

नवऱ्याचे कान लाल झाले. गळ्यातून गिटारीचा पट्टा निसटला होता, तो पुटपुटला. पडली ती थेट तोंडावर. "तुला कधी हात लावू दिला नाही, तुझ्या हातून पडेल म्हणून. आणि पडली माझ्याच हातून. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

बाई हसत सुटल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या. "आठवडाभर मला धड झोप नाही! आणि माणसाच्या हातून चूक होतेच, काय?"

गिटार नेताना ती बाईंनी स्वतः खांद्याला लावली. नवरा आपली पिशवी आणि ती चादर घेऊन मागून चालला होता आणि "सांभाळून" म्हणायची त्याची छाती होत नव्हती.

ते वळणावर दिसेनासे होतात तोच एकजण मोडकं स्टूल घेऊन हजर. उद्या पाहिजे म्हणाला. मानकऱ्यांची मान आडवी हलली. कट्ट आवाज ऐकून मानकरीण मधल्या दारात धावत आली आणि हे अघटित डोळे भरून पाहून घेतलं.

"छान," ती म्हणाली. "मान सुटलीच आहे, तर आज भांडी घासता का?"

मानकऱ्यांनी नव्या कसबाचा पुन्हा प्रयोग करून पाहिला. मान वरून खाली गेली.