कोऱ्या टाचा
पलंगाखाली झाडताना यांचे प्लांटचे शूज झाडूला अडले. यांच्या जाड टायरच्या सायकलचे ब्रेक ओल्या रस्त्यावर धरतच नसत, कारण प्लांटमधल्या मशीनच्या जुन्या बेल्टचं टणक रबर कापून यांनीच ते ब्रेकला बसवलं होतं. ओव्हरब्रिजच्या उतारावर हे सरळ रस्त्यावर टाचा घासत थांबायचे. त्या सकाळी पावसाची झड लागलेली. मी क्वार्टरच्या फाटकात हँडल धरून रडले, "आज बसनं जा, मले भेव लागून राहिलं. संध्याकाळी नवे ब्रेक लावून घ्या." "अवं, कावून रडून राहिली? कालच नवे शूज भेटले, पाय मस्त धरते," म्हणत यांनी माझी बोटं सोडवली. दुपारी यांचे सोबती त्या उतारावरून नुसती सायकल अन् शूज घेऊन आले. आजही मी ते उलटे करून पाहिले. टाचा कोऱ्याच आहेत; त्या घासायला यांना वेळच मिळाला नाही.