तिसऱ्या रांगेतला वन्स मोअर

बुधवारी सकाळी आमचे हे गेले. भेटायला आलेले निम्मे लोक विचारत होते, "म्हणजे वन्स मोअरवाले काका?"

नाट्यगीतांच्या कार्यक्रमात तिसऱ्या रांगेतून पहिला वन्स मोअर ह्यांचाच असे. तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं तर नोकरी न सांगता "गाणं ऐकतो" म्हणत. घरी आमटीलाही वन्स मोअर मिळे. माणूस दुसऱ्याच्या गाण्यात इतका मुरावा, याचं मला हसू यायचं. सभागृहात मी पुस्तकात डोकं घालून, ह्यांना ओळखत नसल्यासारखी बसे.

महिन्याभराने कार्यक्रम होता. तिकिटं ह्यांनीच काढून ठेवलेली. एकटीच गेले. पहिलं पद संपलं, टाळ्या थांबल्या. पेटीवाल्यांनी सवयीनं बोटं पुन्हा सुरांवर ठेवली आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. गायिकाही थांबली. तेव्हा पुढचं पद सुरू झालं असतं, तर हे दुसऱ्यांदा गेले असते. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "वन्स मोअर."

मागून एक बाई म्हणाल्या, "काकू, जरा मोठ्यानं. काकांचा रस्त्यावर ऐकू जायचा."

तिसऱ्या रांगेत वन्स मोअर अजून आहे, जरा हळू आवाजात.